चंद्रकांतेच्या तिलिस्मात जादू कुणी घातली?

'यक्कू' म्हटल्यावर ज्यांच्या चेहऱ्यावर आपोआप हसू येतं, त्यांचं वय आज पस्तिशीच्या पुढे असतं. हा झाला माझा ठोकताळा. ऑफिसमध्ये दोन-तीन सीनियर मंडळींवर वापरून पाहिला, बरोबर निघाला. 'चंद्रकांता' ही मालिका दूरदर्शनवर १९९४ ते १९९६ या काळात चालली, म्हणजे मी जन्मायच्या आधीच संपली. माझ्या वाट्याला ती आली ती नेटवर, तुकड्यातुकड्यांत, धुरकट प्रिंटमध्ये. आणि मग एका लांबलेल्या वीकेंडला मूळ कादंबरी हातात घेतली. देवकीनंदन खत्री यांची, १८८८ ची.

वाचून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया अशी होती की बाप रे, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत की काय! नावं तीच. नौगढ तेच, विजयगढ तेच, चुनारचा शिवदत्त तोच. पण मालिकेत पावलोपावली दिसणारी जादू कादंबरीत शोधायला गेलं तर सापडतच नाही. तिथे सापडतात कळा, खिट्ट्या, गुंगीच्या पुड्या, दोर, वेष आणि डोकं. हा फरक 'पुस्तक चांगलं की सीरियल चांगली' या नेहमीच्या वादापेक्षा बराच मोठा आहे असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी थोडं खत्रींबद्दल. जन्म १८६१, बिहारमधला. पुढचं आयुष्य गेलं काशीत. काशीनरेशांशी ओळख झाली आणि त्यातून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. म्हणजे आपले लेखक महाशय मूळचे जंगलाचे ठेकेदार! विंध्याच्या त्या रांगांमध्ये धबधबे, गुहा, पडके वाडे आणि ओसाड गढ्या भरपूर. त्यातून हा माणूस वर्षानुवर्षं फिरला. पुढे ठेका सुटला, आणि डोक्यात साठलेले ते सगळे भग्नावशेष कागदावर उतरले. 'चंद्रकांता' इतकी गाजली की पुढे २४ भागांची 'चंद्रकांता संतती' आली. १८९८ मध्ये काशीत त्यांनी स्वतःचा 'लहरी प्रेस' काढला. १९१३ मध्ये ते गेले तेव्हा 'भूतनाथ' अर्धवट राहिली होती, ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली.

कादंबरीतली ठिकाणं काल्पनिक नाहीत हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठावर आजही उभा आहे. नौगढ आज चंदौली जिल्ह्यात येतं, विजयगढचा किल्ला सोनभद्रमध्ये. आणि यातल्या विजयगढात एकदा खरोखरच खजिना होता बरं का! काशीचा राजा चेतसिंह आणि वॉरन हेस्टिंग्ज यांचं १७८१ मध्ये जमके वाजलं. काशीत उठाव झाला, हेस्टिंग्जला पळून चुनारच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. पुढे पारडं फिरलं. चेतसिंहाचं धन विजयगढावर होतं आणि किल्ल्यात त्याची आई होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किल्ला पडला आणि मेजर पॉपहॅमच्या फौजेनं तो खजिना आपसात वाटून घेतला. चेतसिंह निसटला तो ग्वाल्हेरकडे, महादजी शिंद्यांच्या आश्रयाला. म्हणजे कादंबरीच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी याच दोन किल्ल्यांनी वेढा, पळापळ आणि लपवलेलं धन हे सगळं बघितलेलं होतं. अशा मुलखात गुप्त खजिन्याची गोष्ट सुचायला फार दूर जावं लागत नाही.

आता गोष्ट, थोडक्यात. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकुमारी चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह मध्ये तडमडतो. त्याचं काही जमत नाही म्हटल्यावर तो चुनारच्या महाराज शिवदत्तच्या कानाला लागतो, आणि शिवदत्तलाही चंद्रकांता हवीशी होते. पुढे चंद्रकांता एका तिलिस्मात अडकते आणि तो तोडल्याशिवाय तिची सुटका नाही. पण खरं सांगायचं तर कादंबरी चालवतात ते हे राजे-राजकुमार नव्हेतच. ती चालवतात त्यांच्या पदरचे ऐयार. वीरेंद्रचा जिवलग तेजसिंह, चंद्रकांतेची सखी चपला, शिवदत्तकडचे पंडित बद्रीनाथ, पन्नालाल वगैरे. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य, धावपटू आणि चोर यांचं मिश्रण. कमरेला बटवा, त्यात गुंगीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, वेष पालटायचं सामान. खांद्याला कमंद, म्हणजे भिंती चढायचा दोर.

'ऐयार' आणि 'तिलिस्म' हे दोन्ही शब्द खत्रींचे नाहीत. ते आले उर्दू-फारसी दास्तानांमधून. अमीर हमजाची दास्तान ही त्यातली सगळ्यात मोठी. तिचा सगळ्यात गाजलेला भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तो लखनौच्या नवल किशोर प्रेसनं १८८३ पासून छापायला घेतला. म्हणजे 'चंद्रकांता' आली तेव्हा हे खंड ताजे ताजे बाजारात येत होते. दास्तानमध्ये तिलिस्म म्हणजे जादूगारांनी बांधलेलं अख्खं मायावी जग. तिथे मंत्र मारला की पर्वत उडतो, आणि जादूगार मेला की त्याची सृष्टी कोसळते. अमर ऐयार तिथेही आहे, पण त्याच्याकडे हवं ते पोटात घेणारी चमत्कारी झोळी आहे.

खत्रींनी काय केलं, तर हे दोन्ही शब्द उचलले आणि त्यातली जादू काढून घेतली. साधं वाटतं ना? पण आपल्या भाषेत सांगायचं तर हा नुसता पोर्ट नव्हता, आतलं इंजिनच बदललं. कादंबरीत एके ठिकाणी तिलिस्म म्हणजे काय ते चक्क समजावून सांगितलंय. एखाद्या राजाकडे अफाट धन असतं. ते पुढच्या पिढ्यांमधल्या योग्य माणसाच्याच हाती पडावं म्हणून तो तिलिस्म बांधायला घेतो, आणि त्यासाठी ज्योतिषी, वैद्य, कारागीर, तांत्रिक अशी मंडळी गोळा केली जातात. ही यादी मला फार आवडली. तांत्रिक आहे, नाही असं नाही. पण शेजारी वैद्य आहे आणि कारागीर आहे. म्हणजे ही एक प्रोजेक्ट टीम आहे! आणि तिलिस्म तोडायचा कसा, तर त्यासाठी लिहून ठेवलेलं पुस्तक असतं. अमुक दगड उचला, तमुक खिट्टी फिरवा, मग दार उघडेल. वाचा आणि पायरीपायरीनं करा. जगातलं बहुधा पहिलंच युजर मॅन्युअल असेल जे लोकांनी खरोखर वाचलं.

तिलिस्मातला दगडी बगळा आठवा. माणूस जवळ गेला की तो चोच उघडतो आणि माणसाला गिळून टाकतो. दास्तानमध्ये हा बगळा नक्की कुणीतरी शापित जादूगार निघाला असता. खत्रींच्या बगळ्यासमोर उभी राहिलेली माणसं विचार करतात की हा हलतो केव्हा, पाय कुठे पडला की हलतो. इनपुट काय, आउटपुट काय! 'संतती'मध्ये तर तिलिस्मी खंजीर येतो. त्याचा कब्जा दाबला की विजेसारखा लखलखाट होतो आणि ज्याला तो लागेल तो बेशुद्ध. पण त्याच्या जोडीची अंगठी बोटात असेल तर वापरणाऱ्याला काही होत नाही. ज्या काळात हिंदुस्थानातल्या मोजक्या शहरांनी विजेचा दिवा पाहिला होता, त्या काळात हा माणूस बटण, झटका आणि बचावाची अंगठी असा पूर्ण सेट लिहून मोकळा झाला.

खत्रींना टीका चुकली नाही. या सगळ्या अशक्य गोष्टी आहेत असा ओरडा झालाच. त्यावर त्यांचं उत्तर साधारण असं होतं की मी हे लोकांनी खरं-खोटं तपासावं म्हणून लिहिलेलं नाही, वाचताना कुतूहल वाढावं म्हणून लिहिलंय. उत्तर प्रामाणिक आहे. आणि कादंबरी शंभर टक्के विज्ञाननिष्ठ आहे असा माझाही दावा नाही. जगन्नाथ ज्योतिषी रमल टाकून कोण कुठे आहे ते सांगतो, आणि ते बरोबर निघतं. पण कुतूहल वाढवायला जादू हा सगळ्यात स्वस्त उपाय हाताशी असताना या माणसानं कारागीर निवडला, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट रक्ताची. कादंबरीच्या प्रस्तावनेत खत्री ऐयारांचं वर्णन करतात. राजाराजांमध्ये लढाई जुंपली की हे लोक चलाखीनं, रक्त न सांडता आणि फौजा न मारता ती संपवून टाकत. आणि एका ऐयारानं दुसऱ्या ऐयाराला पकडलं तर तो त्याला ठार मारत नसे, कैदेत ठेवी. कादंबरीभर हा नियम खेळाच्या नियमासारखा चालतो. आज तू मला पकडलंस, उद्या मी तुला. शिवदत्तचे ऐयार हरतात तेव्हा त्यांची मुंडकी उडत नाहीत, त्यांना नोकरीची ऑफर मिळते! खुद्द शिवदत्तही हरल्यावर जिवंत राहतो आणि 'संतती'त पुन्हा त्रास द्यायला हजर होतो.

हे १८८८ मध्ये लिहिलंय हे लक्षात घ्या. १८५७ ला तीसच वर्षं झाली होती. काशी-मिर्झापूर-अवध या पट्ट्यात काय झालं ते सांगणारी माणसं घराघरांत होती. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाच्या हातातलं हत्यार गेलं होतं. अशा वेळी वाचक कुणावर फिदा झाला, तर ज्याच्याकडे फौज नाही, तोफ नाही, फक्त बटवा आणि अक्कल आहे त्याच्यावर. माझ्या मते 'चंद्रकांता'च्या लोकप्रियतेमागे हे एक मोठं कारण असणार. तलवार काढून घेता येते. विद्या कशी काढून घेणार?

आता मालिकेकडे येऊ. निर्मिती नीरजा गुलेरी यांची, दिग्दर्शन सुनील अग्निहोत्री यांचं, आणि लेखनात कमलेश्वरांसारखा हिंदीतला मोठा माणूस. शिखा स्वरूप चंद्रकांता, शाहबाज खान वीरेंद्रसिंह, पंकज धीर शिवदत्त. मुकेश खन्ना होते, इरफान खान होता. आपल्या वर्षा उसगावकर रूपमती म्हणून होत्या. आणि अर्थातच अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह, त्या अचाट भुवयांसकट. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे असं आमच्या घरी आजही सांगतात.

पहिला मोठा बदल म्हणजे हा क्रूरसिंहच. कादंबरीत तो आग लावून देणारा माणूस आहे, पण मुख्य शत्रू शिवदत्त. आणि 'यक्कू' तर कादंबरीत कुठेच नाही. मालिकेत क्रूरसिंहानं इतकं खाल्लं की तीस वर्षांनी लोकांना नायकाचं नाव आठवत नाही, याचं आठवतं. दुसरा बदल, नवी पात्रं आणि जोड्या. इरफानचा बद्रीनाथ आहे तसा त्याचा जुळा भाऊ सोमनाथही आहे. कादंबरीत बद्रीनाथला असा कुणी भाऊ नाही. मुकेश खन्नांचा जांबाजही मूळ गोष्टीत नाही. आणि तिसरा, सगळ्यात मोठा बदल म्हणजे जादू. शिवदत्त विषपुरुष झाला, नागिणी आल्या, माया आली. खत्रींनी दास्तानमधून जे खटपट करून बाहेर काढलं होतं, ते शंभर वर्षांनी मागच्या दारानं परत आत आलं.

असं का झालं? निर्मात्यांना अक्कल नव्हती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मला तीन कारणं दिसतात.

एक म्हणजे लांबी. 'चंद्रकांता' चार भागांची आटोपशीर कादंबरी आहे. दोन वर्षं दर रविवारी एपिसोड द्यायचा तर ती पुरणारच नाही. भर घालावी लागणार, आणि भर घालायला चमत्कार बरा पडतो, कारण त्याला मागचापुढचा हिशेब लागत नाही. यंत्र दाखवलं की ते कसं चालतं हे कधीतरी सांगावं लागतं. नागीण दाखवली की नुसती बीन वाजवली तरी चालतं.

दुसरं म्हणजे पडद्याची नवलाई. १९९४ मध्ये आपल्याकडे टीव्हीवर व्हिडिओ इफेक्टचं जाम अप्रूप होतं. माणूस अदृश्य होतोय, डोळ्यांतून किरण निघतायत, हे फुकटात घरी बघायला मिळत होतं. त्यापुढे दगडाखालची खिट्टी कोण बघणार?

तिसरं कारण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण ते माध्यमातच दडलेलं आहे. ऐयारी कागदावर भन्नाट चालते आणि कॅमेऱ्यासमोर लंगडी पडते. पुस्तकात लेखक लिहितो की एक म्हातारा साधू आला. आपण विश्वास ठेवतो. पंचवीस पानांनी कळतं की तो कुणीतरी वेगळाच होता. आपल्याला चेहरा दिसलेलाच नसतो, त्यामुळे फसवणूक न्याय्य असते. कादंबरीतली वनकन्या घ्या. ती कोण, कुठून येते, वीरेंद्रला मदत का करते, हे कोडं खत्रींनी शेवटपर्यंत ताणलंय. (ती कोण ते सांगत नाही, वाचा.) पडद्यावर मात्र तीच नटी तिथे उभी असेल तर गुपित पहिल्याच मिनिटाला फुटतं, आणि वेगळी नटी घेतली तर उलगड्याच्या वेळी प्रेक्षक म्हणतो की हे काय, चेहरा कसा बदलला? मग उरतात दोनच वाटा. जुळे भाऊ आणा, नाहीतर जादूनं रूप बदला. मालिकेनं दोन्ही वापरल्या.

म्हणजे कारणं पटण्यासारखी आहेत. पण त्या सौद्यात काय गेलं तेही बघायला हवं.

गेली ती पहिली चपला. कादंबरीतली चपला ही माझ्या मते त्या काळच्या हिंदी गद्यातली एक अफलातून बाई आहे. ती सखी आहे, पण नुसती पंखा ढाळणारी नव्हे. ती प्रशिक्षित ऐयारा आहे. वेष पालटते, दोर टाकून चढते, शत्रूच्या गोटात शिरते, आणि तेजसिंहाच्या तोडीस तोड काम करते. तिच्याकडे कुठलीही दैवी शक्ती नाही. तिला जे येतं ते ती शिकलेली आहे. मालिकेत मात्र बाईची ताकद दाखवायची म्हटलं की ती नागीण होते. हे दिसायला जास्त जोरदार आहे, पण त्याचा अर्थ बदलतो. शिकून येणारी गोष्ट कुणालाही येऊ शकते. नागीण जन्मावी लागते.

आणि दुसरं गेलं ते कोड्याचं उत्तर. खत्री वाचकाला आधी घाबरवतात, मग आत नेऊन कळा दाखवतात. हा करार ते सहसा मोडत नाहीत. जे अगम्य दिसतंय ते कुणीतरी बनवलेलं आहे, आणि जे बनवलेलं आहे ते समजून घेता येतं, हा तो करार. दिवसभर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, विनाकॉमेंटचा जुना कोड उघडून 'हे चालतंय तरी कसं' म्हणत बसणाऱ्या माझ्यासारख्याला तर हा करार अगदी जवळचा वाटतो. जादूत हा करार नाही. तिथे 'का' विचारायचंच नसतं.

बरं, मालिकेवरच सगळं ढकलायलाही नको. तिच्यानंतर 'चंद्रकांता' पुन्हा पुन्हा टीव्हीवर आली. २०१७ मध्ये तर एकाच वर्षात दोन आल्या, एक लाइफ ओकेवर आणि एक कलर्सवर. तोवर ग्राफिक्स कुठल्या कुठे गेले होते, कोणतंही यंत्र दाखवणं शक्य होतं. तरीही भर जादूवरच होता. तेव्हा तंत्राची मर्यादा हे कारण १९९४ ला लागू होतं, २०१७ ला नाही. आपल्यालाच आता तिलिस्म म्हटलं की जादू अपेक्षित असते, आणि ही अपेक्षा बऱ्याच अंशी त्या पहिल्या मालिकेनं घडवली.

यातली गंमत अशी की वाचक घडवण्यासाठीच हे पुस्तक प्रसिद्ध आहे. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून कितीतरी उर्दू जाणणारे लोक देवनागरी शिकले असं हिंदीत कायम सांगितलं जातं. रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींना थोर साहित्यात काही बसवलं नाही, पण जितके वाचक या माणसानं तयार केले तितके दुसऱ्या कुणी केले नाहीत हे मात्र मान्य केलं. १८९३ मध्ये काशीत नागरी प्रचारिणी सभा निघाली, १९०० मध्ये सरकारनं तिथल्या कचेऱ्यांत नागरी लिपीला परवानगी दिली. या मोठ्या लढ्यात 'चंद्रकांता'चा वाटा कुठल्याही ठरावापेक्षा कमी नसावा. आणि आपल्याकडे? मराठीत 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. म्हणजे अद्भुतरम्य कादंबरी आपल्याकडे आधीच होऊन गेली होती, आणि १८८५ च्या सुमाराला हरिभाऊ आपट्यांनी गाडी वास्तवाकडे वळवली. खत्रींनी ती वळवली नाही. त्यांनी अद्भुतालाच वास्तवाचे स्क्रू लावले.

मालिकेचं एक ऋण मात्र मानायलाच हवं. ती नसती तर 'चंद्रकांता' हे नाव माझ्या पिढीपर्यंत, तेही पुण्या-मुंबईत, पोचलंच नसतं. यक्कूचा पिच्छा करत करत मी खत्रींपर्यंत गेलो.

तेव्हा मंडळी, कादंबरी नेटवर फुकट आहे. हिंदी सोपं आहे, आणि लिपी तर आपलीच. चार भाग एका वीकेंडात सहज होतात. 'संतती'चे चोवीस भाग मात्र जपून, एकदा आत शिरलात की सोमवारचं स्टँडअप चुकलंच म्हणून समजा. मी सध्या सहाव्या भागात आहे. पुढचं कुणी सांगितलंत तर बघा!